गडाच्या वाटेची डागडुजी

वाट ही वस्तु मोठी विलक्षण आहे. ती धड असते तोंवर तिची आठवण कोणासहि होत नाहीं, आणि मोडली म्हणजे मात्र जो तो तिला नांवें ठेवूं लागतो. देवळाच्या पायरीवर ती बांधणाराचें नांव कोरलेलें असतें, विहिरीच्या कठड्यावर असतें, फार काय, शाळेंतील पंख्याच्या पात्यावर सुद्धां देणगीदाराचें नांव रंगविलेलें आम्हीं पाहिलें आहे. परंतु अमुक पायवाट अमक्यानें राखली असा लेख कोठें आमच्या दृष्टीस पडला नाहीं. धर्मशास्त्रांत पूर्त कर्मांची जी यादी प्रसिद्ध आहे तींत विहीर, बारव, तलाव, देऊळ, अन्नदान व बाग इतक्यांचा समावेश होतो. पायवाटेस तींत जागा मिळालेली नाहीं. वेदांत अग्नीला 'पथिकृत्' म्हणजे वाट करणारा म्हटलें आहे, आणि पूषा हा तर 'पथस्पति', म्हणजे वाटांचा धनीच. वाटसरूच्या मार्गांतून लांडगा व चोर यांस दूर कर, अशी त्याची प्रार्थना आहे. मात्र आषाढाच्या पाण्यापासून वाट राखण्याचें काम पूषाकडे सोंपविलेलें आमच्या वाचनांत नाहीं. तें माणसांसच करावें लागतें. कौटिल्य व्यवहारी असल्यामुळें त्यानें दंडच सांगून ठेवला आहे. माणसांची व लहान जनावरांची वाट अडविणारास बारा पण, आणि मोठ्या जनावरांची अडविणारास चोवीस. माणसापेक्षां बैलाची वाट दुप्पट मोलाची कां, याचा उलगडा शेतकऱ्यास करून सांगावा लागणार नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं पुण्याहून कांहीं तरुण मंडळी सिंहगडाच्या पायवाटेची डागडुजी करावयास निघाली. तींत आम्हीहि होतों. आमचा नातू त्या मंडळींत पूर्वीं दोनदां जाऊन आलेला, त्यामुळें बातमी घरांत आली ती त्याच्याकडूनच. एकत्र कुटुंबांत कोणतीहि गोष्ट ठरावयाची म्हणजे तिचा सर्व बाजूंनीं खल व्हावयाचा, तसा तो झाला. सौ. चें म्हणणें असें पडलें कीं, ज्यांनीं सबंध आयुष्यांत खडूपेक्षां जड वस्तु उचलली नाहीं, त्यांनीं साठी उलटल्यावर पहार उचलावयास कां जावें? चिरंजीवांचा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा होता. ते म्हणाले, "आपण कर भरतों, सरकारचीं खातीं आहेत, वाट दुरुस्त करणें हें त्यांचें काम. तुम्ही फुकट राबलांत म्हणजे खात्यास आयतीच सवड मिळाली. शिवाय ज्या गांवकऱ्यास चार दिवसांची मजुरी मिळावयाची तिच्यावर तुम्ही पाणी ओतणार." या आक्षेपास त्या रात्रीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. सूनबाई एवढेंच म्हणाल्या कीं, रविवारीं बँकेस सुट्टी आहे, तेव्हां मीहि येतें. सूनबाई निघाल्यावर घरांतील विरोधास फारसा अर्थ उरला नाहीं, आणि पहाटें दशम्या व लसणाची चटणी यांचा डबा तयार झाला.

सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारें ३० किलोमीटरांवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें १३०० मीटर. १६७० सालीं तानाजी मालुसरे यांनीं तो कसा घेतला हें महाराष्ट्रांतील मुलास सांगावें लागत नाहीं. आज गडावर मोटारीचा रस्ता गेलेला आहे, तथापि आतकरवाडीहून पुणें दरवाजाकडे चढणारी जुनी पायवाट ओस पडलेली नाहीं. उलट रविवारीं पहाटेपासून तिच्यावर शेंकडों लोकांची रांग लागते. वाट पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास, आणि तेवढ्यांत चढ सुमारें ६०० मीटरांचा. जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली. तींत राजगड आहे, लोहगड आहे, शिवनेरी आहे, सिंहगड नाहीं. त्यामुळें सिंहगडावर पडणाऱ्या पायांची संख्या कमी होईल असें मात्र कोणीं समजूं नये. पुणेकराचें गडाशीं जें नातें आहे तें यादी पाहून जडलेलें नाहीं.

आतां ही वाट मोडते कशी तें पाहूं. सामान्य समजूत अशी कीं, पावसानें वाट मोडते. हें अर्धेंच खरें आहे. आरंभ पायांपासून होतो. हजारों पाय एकाच रेषेंत पडले म्हणजे गवत मरतें, गवत मेलें म्हणजे त्याच्या मुळ्या मातीस धरून ठेवीतनाशा होतात, आणि दबलेल्या मातींत पाणी मुरत नाहीं. मग पहिला वळीव येतो. पाण्यास उताराची ओढ, आणि वाट म्हणजे त्याच्या दृष्टीनें तयार पन्हळ. तें वाटेवरूनच धांवूं लागतें. स्थापत्याच्या ग्रंथांत एक नियम सांगतात तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे: पाण्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्यास ढकलतां येणाऱ्या दगडाचें वजन दुप्पट होत नाहीं, चौसष्टपट होतें. म्हणूनच कालपर्यंत माती खरवडणारें पाणी आज नारळाएवढे धोंडे घेऊन खालीं येतें. पहिल्या वर्षीं बोटभर चर पडतो, तिसऱ्या वर्षीं गुडघाभर घळ होते. घळींतून चालणें अवघड म्हणून लोक तिच्या कांठावरून चालूं लागतात. तेथील गवत मरतें. दुसरी घळ पडते. एका वाटेच्या अशा तीन वाटा झालेल्या आम्हीं त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिल्या. त्यांत भर म्हणजे आडवाटा. वाट डोंगराला वळसा घालून जाते तेथें पांच मिनिटें वांचविण्यासाठीं तरुण मंडळी सरळ वर चढते. जुन्या लोकांनीं वळसा घातला तो त्यांस घाई नव्हती म्हणून नव्हे. सरळ उताराची वाट म्हणजे ओढ्यास दिलेलें निमंत्रण, हें त्यांस ठाऊक होतें.

येथें एक गंमतीची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गांचें जें प्रकरण आहे त्याचा रोख असा कीं, गडाची वाट सुगम असूं नये, घेऱ्यांतील झाडी वाढवावी, तींतील काठीसुद्धां तोडूं देऊं नये. म्हणजे ज्या डोंगरावर चढणें अवघड व्हावें म्हणून तीनशें वर्षांपूर्वीं राज्याचे कारभारी काळजी वाहत होते, त्याच डोंगरावर चढणें सोपें व्हावें म्हणून आम्ही कुदळी घेऊन निघालों होतों. अमात्यांनीं आम्हांस पाहिलें असतें तर गडकऱ्यास जाब विचारला असता. पण नीट पाहिलें तर त्यांची झाडीची आज्ञा आणि आमचें काम यांत विरोध नाहीं. झाडी राहिली तर माती राहील, आणि माती राहिली तर वाट.

पायथ्याशीं आम्ही तेहतीस जण जमलों. बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी, कांहीं नोकरदार स्त्रीपुरुष, आमच्या वयाचे आमच्यासह तिघे. वनखात्याची परवानगी अगोदर काढलेली होती. ती नसतां जंगलांत कुदळ मारणें हा गुन्हा आहे, आणि तटाच्या आंत तर पुरातत्त्व खात्याच्या संमतीवांचून दगडहि हलवूं नये, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. उत्साहाच्या भरांत जुन्या बांधकामावर सिमेंट थापणारीं मंडळीं आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्या सेवेपेक्षां आळस बरा. आमच्या तुकडीचा म्होरक्या एक तिशींतील अभियंता होता. त्यास सर्वजण थट्टेनें मुकादम म्हणत. त्यानें प्रथम हत्यारें मोजून दिलीं: कुदळी, टिकाव, फावडीं, घमेलीं, दोन पहारी, तीन कोयते. संध्याकाळीं तींच मोजून परत घ्यावयाचीं, कारण गवतांत विसरलेला कोयता पुढें कोणाच्या पायाखालीं येईल हें सांगतां येत नाहीं. टिकाव मारणाराच्या चहूंकडे दोन हातांच्या अंतरांत कोणीं उभें राहावयाचें नाहीं, आणि दगड खालीं सुटला तर पळण्यापूर्वीं मोठ्यानें ओरडावयाचें, हे दोन नियम त्यानें तीनदां सांगितले. शिक्षकाचा धंदा केलेल्या माणसास तिसऱ्यांदा सांगण्याचें महत्त्व कळतें.

खरा गुरु मात्र निराळाच होता. घेऱ्यांतील एक वृद्ध शेतकरी वर्गणीच्या पैशांतून रोजानें बोलाविलेला होता. जन्मभर शेताच्या ताली रचलेला हा माणूस. चुना नाहीं, सिमेंट नाहीं. नुसता दगडावर दगड. त्याच्या हातांत धोंडा आला म्हणजे तो दोनदां फिरवून पाहावयाचा आणि तिसऱ्यांदा ठेवावयाचा, तो बसलाच. आमच्यांतील मुलें एक दगड दहा वेळां फिरवीत, तरी तो डगडग करीच. त्याचे नियम थोडे होते: प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे, सांध्यावर सांधा येतां कामा नये, भिंत डोंगराच्या अंगास किंचित रेललेली पाहिजे, आणि सर्वांत मोठे दगड तळांत. कोणी विद्यार्थ्यानें विचारलें, मधून थोडें सिमेंट भरलें तर? म्हातारा म्हणाला, "मंग पानी जाईल कुठनं?" कोरड्या रचाईंतून पाणी झिरपून जातें, सिमेंटच्या भिंतीमागें तें तुंबतें, फुगतें, आणि एके दिवशीं सगळी भिंत ढकलून देतें. हें आम्हीं नंतर मुकादमाकडून सविस्तर समजून घेतलें; परंतु त्याचें बीज त्या एका प्रश्नांत होतें.

कामाचा मुख्य भाग म्हणजे पाणी वाटेवरून उतरविणें. वाटेवर पाणी येऊंच नये असा प्रयत्न व्यर्थ आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर तें येणारच. आलेलें पाणी जोर धरण्यापूर्वीं बाजूस काढावें, एवढेंच माणसाच्या हातीं आहे. त्यासाठीं दोन उपाय. पहिला, वाट दरीच्या अंगास किंचित कलती ठेवणें, शंभरास पांच इतकीच, चालणारास कळूं नये अशी. दुसरा, जेथें उतार अधिक तेथें वाटेवर तिरपा आडबांध घालणें. हा बांध काटकोनांत घालावयाचा नाहीं. तसा घातला तर पाणी त्यावर आपटून थांबतें, गाळ टाकतें, आणि दुसऱ्या सरीस उडी मारून पुढें जातें. तो तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरपा हवा, म्हणजे पाणी त्याच्या कडेकडेनें वळून उताराकडे निघून जातें. दगड लांबट निवडून त्यांचे दोन भाग जमिनींत आणि एक भाग वर राहील असे पुरावयाचे. आणि बांधाचें खालचें तोंड रुंद व मोकळें ठेवून त्यापुढें धोंड्यांचा थर टाकावयाचा, नाहींतर वाटेवरून काढलेलें पाणी दरींत नवी घळ पाडील. म्हाताऱ्यानें हें सगळें शास्त्र एका वाक्यांत सांगितलें: "पान्याला त्याची वाट द्या, मंग ते तुमची वाट सोडतंय." आमच्या नातवानें तें वाक्य मोबाइलमध्यें टिपून घेतलें. मोबाइलचा याहून चांगला उपयोग त्या दिवशीं झाला नाहीं. बाकीचा वेळ तो घमेलें धरलेल्यांचीं छायाचित्रें घेण्यांतच गेला.

दुपारपूर्वीं चार आडबांध झाले. जुन्या घळींत ठिकठिकाणीं दगडांच्या गुडघाभर ताली घातल्या. त्यांच्यामागें गाळ सांचून घळ आपोआप भरत येते, आणि गाळावर गवत धरतें. मग पायऱ्यांचें काम निघालें. एका ठिकाणीं दीड मीटरांचा चढ एकदम येत होता. मुकादमानें हिशोब करून पंचवीस सेंटीमीटरांच्या सहा पायऱ्या आंखल्या, आणि पांच जणांनीं घाम गाळून त्यांतील चार बसविल्या. एकेक धोंडा पहारीनें सरकवीत आणावयाचा, त्याची बैठक खणावयाची, तो बसेपर्यंत उचलून पुन्हां ठेवावयाचा. एका पायरीस अर्धा तास सहज जाई.

इतक्यांत खालून एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पलीकडे, डोईवर दह्याच्या मडक्यांची पाटी. गडावर जाणाऱ्यांस मातीच्या छोट्या मडक्यांतलें दही ठाऊक आहे. तें वर येतें कसें याचा विचार खाणारानें क्वचितच केलेला असतो. बाई पायऱ्यांपाशीं थबकल्या, एक पाऊल वर टाकून पाहिलें, तें मागें घेतलें, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, ह्या पायऱ्या तुमी रिकाम्या मानसाच्या केल्या. डोईवर वझं असलं म्हंजी येवढा गुडघा उचलतोय व्हय? मी आपली गवतातनंच जानार." आणि त्या खरोखरच कडेच्या गवतांतून चढून गेल्या.

कोणी कांहीं बोललें नाहीं. चार पायऱ्यांमागें दोन तास गेलेले होते, आणि त्या मजबूत झाल्या होत्या यांत शंका नव्हती. एका विद्यार्थ्यानें हळूच म्हटलें कीं, बहुसंख्य लोक तर हौसेनें चढणारे आहेत, त्यांस पंचवीस सेंटीमीटर कांहीं जड नाहीं. त्याचें म्हणणें संख्येच्या दृष्टीनें खरें होतें. परंतु हौसेनें चढणारा आठवड्यांतून एकदां येतो. त्या बाईंस ही वाट पोटासाठीं रोज तुडवावी लागते. शिवाय बाईंच्या बोलण्यांत वाटेचें शास्त्रहि होतें. पायरी नकोशी झाली कीं पाय गवतांत जातो. पाय गवतांत गेला कीं नवी वाट पडते. नवी वाट पडली कीं नवी घळ. आमच्या सूनबाई त्या पांच जणांपैकीं एक होत्या. हाताला फोड आलेला. त्यांनींच प्रथम पहार उचलली आणि वरची पायरी उखडावयास घातली. सहाच्या दहा पायऱ्या करावयाच्या ठरल्या, प्रत्येक पंधरा सेंटीमीटरांची. संध्याकाळपर्यंत सात झाल्या. उरलेल्या तीन पुढच्या रविवारच्या तुकडीनें घातल्या.

जेवतांना आम्हीं चिरंजीवांचा आक्षेप त्या म्हाताऱ्यापुढेंच ठेवला. आम्ही फुकट काम करून तुमची मजुरी बुडवितों असें वाटतें का, असें विचारलें. तो भाकरीचा घांस संपवून म्हणाला, "चार वर्सं झाली, ह्या तुकड्याला कुनी हात लावला न्हाई. तुमी आला म्हून मला बोलावलं." नंतर जरा थांबून म्हणाला, "पर पैसं द्यायचं सोडू नगा." यावर टीका करण्यासारखें कांहीं नाहीं. त्या मंडळींत एकानें पूर्वीं असा प्रश्न काढला होता म्हणे कीं, सर्वजण सेवा म्हणून राबत असतां एकट्यास रोज कां द्यावा? आमच्या मतें द्यावाच, आणि हातांत कौशल्य आहे म्हणून चार पैसे अधिक द्यावा. आमची सेवा फुकट असते याचें कारण आमचें पोट दुसरीकडे भरलेलें असतें. ज्याचें पोट याच कामावर आहे त्यास फुकट राबावयास सांगणें ही वेठ झाली. डोंगरांतल्या माणसांस वेठ नवी नाहीं. चिरंजीवांच्या म्हणण्यांतील अर्धा भाग आम्ही आजहि मान्य करतों. मोठ्या संरक्षक भिंती, कठडे, ओढ्यावरचे साकव हीं खात्याचींच कामें. तीं हौशी हातांनीं करूं नयेत आणि त्यांसाठीं खात्यामागें तगादा लावावा. परंतु बांधाच्या तोंडांतला गाळ वर्षांतून दोनदां काढणें, वाटेवर आलेल्या घाणेरीच्या फांद्या छाटणें, सुटलेला दगड जागेवर बसविणें, यासाठीं निविदा निघेपर्यंत दोन पावसाळे उलटतात.

या कामाची परदेशांत रीत कशी आहे हें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत अपॅलेशियन पर्वताच्या माथ्यावरून सुमारें ३५०० किलोमीटर लांबीची एक पायवाट चौदा संस्थानांतून जाते. तिची कल्पना बेंटन मकाय यांनीं १९२१ सालीं मांडली व १९३७ सालीं ती सलग झाली. तिची देखभाल मुख्यत्वें स्वयंसेवकांकडूनच होते, आणि त्यांतील मर्म असें कीं, सगळी वाट सगळ्यांची नसते. प्रत्येक मंडळास तिचा एकेक तुकडा नेमून दिलेला असतो. इंग्लंडमध्यें पेनाइन मार्ग १९६५ सालीं खुला झाला. तेथें पाणथळ माळावर पायांनीं चिखलाचे पट्टे पडले, तेव्हां बंद पडलेल्या गिरण्यांतील जमिनीच्या फरश्या आणून त्यावर अंथरल्या. आम्हांस यांतील तुकडा नेमून देण्याची युक्ति फार आवडली. आमच्या शेतकऱ्यांत पाटाच्या पाण्याची पाळी आणि बांधाचा वांटा असाच ठरलेला असतो. वाटेपुरतें तें कां असूं नये? एखाद्या वाड्यानें, एखाद्या शाळेनें गडाच्या वाटेचीं शंभर पावलें आपलीं म्हणावीं आणि तीं राखावीं. फलक लावूं नये.

त्या दिवशीं एकंदर काम झालें तें चाळीस मीटरांचें. नातवानें लगेच त्रैराशिक मांडलें: पावणेतीन किलोमीटरांस असे एकोणसत्तर रविवार. त्याचा चेहरा उतरला. परंतु सगळी वाट कांहीं मोडलेली नाहीं. कातळावरून जाते तेथें शंभर वर्षें कोणीं न पाहिली तरी चालेल. कांहीं जागा मात्र दर वर्षीं हात मागतात.

आमच्या वयाच्या वाचकांस असें वाटेल कीं, हें सर्व तरुणांचें. तसें नाहीं. पहार आम्हीं उचलली नाहीं, सौ. स दिलेला शब्द तेवढ्यापुरता पाळला. परंतु सुतळी धरून रेषा आंखणें, पायरीची उंची मोजणें, रचाईच्या फटींत भरावयाच्या चिपा गोळा करणें, हत्यारांची मोजदाद ठेवणें हीं कामें बसून करण्याजोगीं आहेत आणि तीं नीट झालीं नाहींत तर पहार व्यर्थ जाते. आडवाटा बंद करण्याचें काम आम्हां तिघां वृद्धांकडेच होतें. छाटलेली घाणेरी आडवाटेच्या दोन्ही तोंडांशीं अशी रचावयाची कीं, चालणारास ती वाट आहे असें वाटूंच नये. घाणेरी परदेशांतून आलेली आणि येथील झाडोऱ्यावर चढून बसलेली, त्यामुळें ती तोडतांना मनास टोंचणी नाहीं. करवंदीच्या जाळ्या व कारवी यांस मात्र हात लावावयाचा नाहीं. आम्ही फांद्या रचीत असतां एक धष्टपुष्ट गृहस्थ वरून उतरत आले, त्यांनीं त्या फांद्या काठीनें बाजूस सारल्या आणि आमच्यादेखत त्याच आडवाटेनें खालीं गेले. त्यांस कांहीं बोलावें असें फार मनांत आलें. इतकीं वर्षें वर्गावर काढलेल्या माणसास गप्प राहणें कठीण जातें. आम्हीं फांद्या पुन्हां रचल्या आणि त्यांवर तीन मोठे धोंडे ठेवले. मागून आलेल्या दोन मुली तें पाहून निमूटपणें वळशानें गेल्या.

भाद्रपदांत पाऊस ओसरल्यावर आम्ही नातवास घेऊन ती जागा पाहून आलों. दहाहि पायऱ्या जागेवर होत्या, आणि त्यांच्या कडेच्या गवतांत पाऊलवाट पडलेली नव्हती. घळींतल्या तालींमागें टीचभर गाळ धरून त्यावर गवत उगवलें होतें. चारांपैकीं तीन आडबांधांनीं आपलें काम चोख केलें होतें. चौथ्याचें तोंड पालापाचोळ्यानें व मातीनें बुजून पाणी त्याच्यावरून गेलें होतें आणि खालीं हातभर चर पडला होता. नातवानें काठीनें तोंड उकरलें. पण तें मुळांतच अरुंद ठेवलें गेलें होतें. येत्या मार्गशीर्षांत तें रुंद करावयाचें आहे. त्या दिवशींसाठीं म्हाताऱ्यास निरोप गेला आहे, सूनबाईंनीं हातमोजे आणून ठेवले आहेत, आणि चिरंजीवांनीं वनखात्याकडे संरक्षक भिंतीसाठीं अर्ज लिहून त्याची पोंच घेतली आहे. ते स्वतः येणार कीं नाहीं हें अद्यापि ठरलेलें नाहीं, सौ. नीं मात्र दशम्या एका माणसाच्या अधिक धरल्या आहेत.